तुमच्या बदलीनंतरही टिकेल असं काही उभं करा : कोकणातल्या पोलीस अधिकाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. विशेष पोलीस महानिरीक्षक, कोकण परिक्षेत्र
आणि रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग जिल्ह्यांचे मा. पोलीस अधीक्षक

महोदय,

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बंदरगावात राहतो. मच्छीमार सोसायटीचं सचिवपद बरीच वर्षं सांभाळलं, गावच्या तंटामुक्त समितीतही काम केलं. त्यामुळे पोलीस ठाण्याची पायरी चढायचे प्रसंग पुष्कळ आले. कधी खलाशांची नोंद, कधी जाळी तोडल्याची तक्रार, कधी पालखीच्या वाटेवरून दोन वाड्यांचं बिनसलेलं, कधी बंद घराचं फोडलेलं कुलूप. या सगळ्यात चांगले अधिकारी भेटले. माणसाला बसायला सांगून त्याचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेणारे भेटले. पावसात, गुडघाभर चिखलातून वाडीवर चालत आलेले भेटले. ते बदलून गेले की गाव हळहळतं, निरोपाला शाल-श्रीफळ देतं, आणि नवे साहेब आले की सगळं परत पहिल्यापासून सुरू होतं. आधीच्या साहेबांनी कुणाला काय शब्द दिला होता, कुठल्या दोन घरांत बांधावरून कोयते निघता निघता राहिले होते, कुठल्या बंदरावर कुठल्या महिन्यात ठिणगी पडते, हे नव्या माणसाला सांगणारं ठाण्यात काहीच नसतं.

म्हणून माझी मागणी एकच आहे. अधिकारी कितीही चांगला असो, तो गेल्यावरही चालू राहील अशी लोकसंपर्काची व्यवस्था या तीन जिल्ह्यांत उभी करा. तिचा नमुना दूरदेशाहून आणायला नको. आपल्याच कोकण विभागातल्या एका शहराने तो पस्तीसहून अधिक वर्षांपूर्वी घालून दिलेला आहे.

ते शहर म्हणजे भिवंडी.

आज भिवंडी म्हटलं की लोकांना गोदामं आणि ट्रकांच्या रांगा आठवतात. मुळात ते खाडीकाठचं जुनं बंदर. कोकणी मुसलमानांची पिढ्यान् पिढ्यांची घरं, भोवती आगरी-कुणब्यांची गावं, मागाहून उत्तरेतून आलेले मोमीन विणकर, तेलंगणातून आलेले पद्मशाली, आणि या सगळ्यांना पोटाला लावणारे यंत्रमाग. 7 मे 1970 रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीत तिथे दंगल पेटली. त्याच दिवसांत जळगावात पेटली आणि आपल्या महाडातही पेटली. त्यावर न्या. डी. पी. मादन यांचा चौकशी आयोग बसला आणि पोलिसांच्या वागण्यावर त्याने कडक ताशेरे ओढले. महाडचं नाव त्या आयोगाच्या अहवालात भिवंडी आणि जळगावच्या बरोबरीने आहे. ‘कोकणात असलं काही होत नाही’ असं आपण बैठकांमधून वारंवार ऐकत असाल, म्हणून मुद्दाम आठवण करून देतो.

1984 च्या मे महिन्यात भिवंडी पुन्हा पेटली. आग ठाणे-मुंबईपर्यंत गेली आणि दोनशेहून अधिक माणसं मेली. त्यानंतर या शहराकडे पोलीस खातं कायमचा धोका म्हणूनच पाहू लागलं. सणाची तारीख जवळ आली की बाहेरून फौज मागवायची, संचलन करायचं, तारीख सरली की सुटकेचा श्वास सोडायचा. भिवंडीत नेमणूक म्हणजे शिक्षा, अशीच समजूत होती.

1988 मध्ये तिथे पोलीस उपायुक्त म्हणून सुरेश खोपडे आले. त्यांनी 1984 च्या दंगलीचा अभ्यास केला आणि पोलिसांची नेमकी कमतरता शोधून काढली. पोलिसांची उठबस ज्यांच्याशी होती ती सगळी पुढारी आणि बडी मंडळी. शांतता समितीत वर्षानुवर्षं तेच चेहरे. माग चालवणारा कामगार, भाजीवाली, शिंपी, शाळामास्तर, पानाची टपरी चालवणारा, यांचा पोलिसांशी संबंध यायचा तो फक्त दंडुका पडताना किंवा ठाण्यात कुणाला सोडवायला जाताना. दंगलीत दगड मारायला आणि घर जळताना पाहायला तर हीच माणसं असतात. त्यांच्याशी ओळख नसेल तर अफवा खोटी आहे हे पोलीस कुणाला सांगणार, आणि पोलिसांचं खरं तरी कोण मानणार?

त्यांनी गल्लीगल्लीत मोहल्ला समित्या उभ्या केल्या, सुमारे 70. त्यांत हिंदू आणि मुसलमान दोन्ही, आणि दोन्हींकडची साधी माणसं. समितीची जबाबदारी ठाण्यातल्या खालच्या पायरीवरच्या पोलिसांवर, अगदी हवालदार-शिपायांपर्यंत सोपवली. मला या सगळ्या कामात सर्वांत मोठी वाटते ती हीच गोष्ट. आपल्या खात्यात शिपायाला हुकूम मिळतो, विश्वास मिळत नाही. ज्याने आयुष्यभर फक्त ‘हो साहेब’ म्हटलं, त्याच्या हाती एक वस्ती सोपवून ‘इथली माणसं तू सांभाळ’ असं सांगणं याला धैर्य लागतं. त्या शिपायाचा कणाही त्याने ताठ होतो.

या बैठकांमध्ये धर्मावर व्याख्यानं देऊन भागलं नसतं. तिथे रोजचे प्रश्न आले. गटाराचं पाणी कुणाच्या दारात येतं, नळावरची भांडणं, पोरांची मारामारी, भाडेकरूची कटकट. हे प्रश्न क्षुल्लक नव्हेत. भिवंडीसारख्या शहरात नळावर दोन बायकांचं भांडण झालं आणि त्या दोन वेगळ्या धर्मांच्या असल्या, तर संध्याकाळपर्यंत त्याची दंगल होऊ शकते. तेच भांडण समितीत आलं तर दोन्हीकडची माणसं एकत्र बसून मिटवतात, आणि मिटवता मिटवता एकमेकांची नावं, घरं, पोरंबाळं त्यांना ठाऊक होतात. शांततेसाठी म्हणून वेगळं काही करावं लागत नाही, ती या कामातून तयार होत जाते.

6 डिसेंबर 1992 ला बाबरी मशीद पडली. मुंबईत डिसेंबरात आणि पुन्हा जानेवारीत जे झालं ते आपल्याला ठाऊक आहे. श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे 900 माणसं गेली. देशातलं दंगलीचं शहर म्हणून जिचं नाव घेत, ती भिवंडी त्या दोन्ही महिन्यांत शांत राहिली. मुंबईपासून तास-दीड तासाच्या अंतरावर, तेच मुंबईतले नातेवाईक, त्याच बातम्या, त्याच अफवा, तरीही शांत.

आणि महोदय, आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहितो आहे ती. त्या वेळी खोपडे भिवंडीच्या खुर्चीवर नव्हते. त्यांच्या जागी गुलाबराव पोळ आले होते. नव्या अधिकाऱ्याने आधीच्याचं काम मोडीत काढलं नाही, समित्या चालू ठेवल्या, आणि कसोटीच्या दिवसांत त्याच समित्यांची माणसं आपापल्या वस्तीत उभी राहिली. खोपड्यांच्या कारकिर्दीचं मोजमाप करायचं तर मी याच गोष्टीने करीन. पुढे निवृत्तीनंतर 2014 मध्ये ते बारामतीतून लोकसभेलाही उभे राहिले होते. त्यांच्या राजकारणाशी मला कर्तव्य नाही. ते गेले आणि काम राहिलं, एवढ्यासाठी मी त्यांना मानतो. पोळांनाही तितकंच मानतो, कारण दुसऱ्याने सुरू केलेलं काम आपलं म्हणून पुढे नेणं हे सुरू करण्यापेक्षा अवघड असतं, आणि त्याचं श्रेय कुणी देत नाही.

मुंबईनेही हा धडा घेतला, पण इतकं गमावल्यावर. 1994 मध्ये ज्युलिओ रिबेरो, तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी आणि सुशोभा बर्वे यांच्यासारख्या लोकांच्या पुढाकाराने तिथे मोहल्ला कमिटीची चळवळ उभी राहिली.

भिवंडीची पुढची हकीकतही सांगायला हवी, नाहीतर चित्र अर्धं राहील. 2006 च्या जुलैत याच भिवंडीत कब्रस्तानाला लागून असलेल्या जागेवर पोलीस ठाणं बांधण्यावरून जमाव खवळला. पोलिसांच्या गोळीबारात दोन माणसं गेली आणि त्या रात्री जमावाने दोन पोलीस शिपायांना ठार मारलं. ज्या शहरात शिपाई हाच वस्तीचा माणूस झाला होता, तिथेच शिपायांचा जीव गेला. माझा यावरून निष्कर्ष असा की ही कामं एकदा करून संपत नाहीत. बैठका थांबल्या, माणसं बदलली, नव्या शिपायाला वस्तीची ओळख कुणी करून दिली नाही, की दहा-पंधरा वर्षांत पुन्हा अनोळखी माणसं समोरासमोर उभी राहतात. जागा कुठली, बांधकाम कसलं, यावर आधी त्या वस्तीत बसून बोलणं झालं असतं तर चार घरं उजाड झाली नसती असं मला वाटतं.

आता आपल्या किनाऱ्याकडे येतो.

आपल्याकडे शांतता समिती आहेच. गणपतीच्या आधी, ईदच्या आधी, शिमग्याच्या आधी तिची बैठक होते. पक्षांचे तालुकाध्यक्ष, मंडळांचे अध्यक्ष, दोन-तीन मौलवी, मानकरी, पत्रकार. डीजेचा आवाज, विसर्जनाचा मार्ग, पार्किंग यांवर सूचना होतात आणि दुसऱ्या दिवशी फोटो छापून येतो. या बैठकांचा उपयोग नाही असं मी म्हणणार नाही. पण वर्षातून तीनदा भरणाऱ्या आणि तीच वीस माणसं बसणाऱ्या बैठकीतून वाडीची नाडी कळत नाही. भिवंडीत 1988 च्या आधी अगदी अशाच बैठका भरत होत्या.

राजापूरचा शिमगा घ्या. होळीचा माड वाजतगाजत आणायचा आणि जवाहर चौकातल्या मशिदीच्या पायरीला टेकवून पुढे न्यायचा, ही तिथली जुनी रीत. 2025 च्या मार्चमध्ये त्या रात्रीचा एक व्हिडिओ देशभर फिरला आणि जिथे राजापूर नकाशावर कुठे आहे हेही लोकांना ठाऊक नाही तिथे मशिदीवर हल्ला झाल्याची चर्चा सुरू झाली. त्या रात्री घोषणाबाजी झाली होती, ती झाकायचं कारण नाही. पण रीत कुठली आणि आगळीक कुठली, हे वेगळं करून सांगणारी माणसं दोन्ही समाजांत हाताशी असली तर पोलिसांचं खंडन तासाभरात लोकांना पटतं. ती नसली तर पोलिसांचं पत्रक हे आणखी एक पत्रक होतं. ही माणसं व्हिडिओ फिरल्यावर शोधून सापडत नाहीत. ती आधीच ओळखीची असावी लागतात.

समुद्राचा प्रश्न तर याहून मोठा. राज्याचा किनारा सातशेहून अधिक किलोमीटर, त्यातला मोठा भाग आपल्याकडे. 1993 च्या सुरुवातीला स्फोटकं उतरली ती श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीला. 2008 नंतर सागरी पोलीस ठाणी वाढली, गस्ती नौका आल्या, ‘सागर कवच’चे सराव होतात, 1093 हा मदतीचा क्रमांक आहे. हे सगळं आवश्यकच. तरीही 18 ऑगस्ट 2022 ला हरिहरेश्वरच्या किनाऱ्यावर माणसाविना बोट लागली आणि तिच्यात एके-47 सापडल्या, तेव्हा ती बोट आधी पाहिली आणि कळवली ती तिथल्या लोकांनी. पुढे ती भरकटलेली निघाली, घातपाताची नव्हती, हे आपलं नशीब. त्यानंतरच्या वर्षी ऑगस्टात दापोलीच्या किनाऱ्यावर चरसाची पाकिटं वाहून आली, कर्दे, लाडघर, केळशी अशी गावोगाव. पहाटे किनाऱ्यावर कोण असतं? पागणारा असतो, रापण ओढणारे असतात, तिसऱ्या काढणाऱ्या बायका असतात. त्यांच्यातल्या एखाद्याला अनोळखी पाकीट दिसलं, तर तो हात लावून पुढे जाईल, घरी नेईल, की हवालदाराला फोन करील, हे एकाच गोष्टीवर ठरतं. फोन केल्यावर आपल्यालाच ठाण्यात दिवसभर बसवून ठेवतील अशी भीती त्याला आहे की नाही?

ती भीती आहे, महोदय. आमच्या बंदरावर ती उघड बोलली जाते. खबर देणाऱ्याचं नाव, गाव, बापाचं नाव, बोटीचा नंबर, परवाना, आणि मग परवान्यातली चूक. माणूस मनाशी ठरवतो की आपण काही पाहिलंच नाही. नौकांची कितीही भर घातली तरी या एका विचाराने किनारा आंधळा होतो.

सागर सुरक्षा दलाची पोरं गावोगाव आहेत. त्यांना ओळखपत्रं, टी-शर्ट मिळतात, सरावाच्या दिवशी बोलावणं येतं. उरलेलं वर्ष त्यांच्याशी कोण बोलतं? 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. बोटी शाकारलेल्या, जाळी विणायला काढलेली, सगळी माणसं गावात. कोकणात पोलिसांना लोकांबरोबर बसायला याहून चांगले दोन महिने नाहीत. बंदीचा काळ म्हणजे पोलिसांसाठी फक्त चोरून जाणाऱ्या बोटी पकडायचा काळ राहू नये.

पारंपरिक मच्छीमार आणि यंत्राच्या मोठ्या जाळ्याने अख्खा थवा घेरणारे पर्ससीनवाले यांचा झगडा आपल्याला माहीत आहे. एलईडी लावून होणारी मासेमारी बंद आहे, तरी होते. रात्री समुद्रात दिवे दिसतात आणि सकाळी बंदरावर तोंडं फिरवलेली असतात. हा विषय मत्स्य खात्याचा म्हणून पोलीस बाजूला राहतात, आणि मग मालवणच्या, रत्नागिरीच्या समुद्रात बोट अडवली जाते, हाणामारी होते, तेव्हा तो आपोआप पोलिसांचा होतो. त्या वेळी आलेला अधिकारी दोन्ही बाजूंना परका असेल तर त्याच्या हातात गुन्हा नोंदवण्यापलीकडे काही राहत नाही.

आणखी एक गोष्ट लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. एप्रिल 2011 मध्ये जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाच्या विरोधात साखरीनाट्याला पोलीस गोळीबार झाला आणि एक माणूस मेला. एप्रिल 2023 मध्ये बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठीच्या माती परीक्षणाच्या वेळी अश्रुधूर सोडला गेला, बायामाणसांना उचलून गाड्यांत घातलं गेलं. प्रकल्प हवा की नको हे पोलिसांनी ठरवायचं नाही, ते मला कळतं. हुकूम वरून येतो हेही कळतं. पण ज्या गावात आपण आजवर फक्त फौजफाटा घेऊन गेलात, त्या गावाच्या मनातलं पोलिसांचं चित्र त्या एका दिवसाचं असतं आणि ते पिढीभर राहतं. नाट्याच्या, बारसूच्या माणसांनी उद्या समुद्रात संशयास्पद बोट पाहिली तर ती आपल्याला सांगावी असं वाटत असेल, तर बंदोबस्त नसलेल्या दिवशी तिथे जायला हवं. टोपी काढून, ओट्यावर बसून, त्या दिवसांबद्दल त्यांना जे बोलायचं आहे ते ऐकायला हवं. हे काम कुठल्याही परिपत्रकात नाही. ते आपण करावं अशी माझी विनंती आहे.

आता व्यवस्थेबद्दल. सर्वोच्च न्यायालयाने 22 सप्टेंबर 2006 ला प्रकाश सिंह प्रकरणात पोलीस सुधारणांचे निर्देश दिले. जिल्ह्याच्या अधीक्षकाला आणि ठाण्याच्या प्रमुखाला किमान दोन वर्षं मिळावीत हे त्यातलंच एक. महाराष्ट्राने पुढे पोलीस कायद्यात 2014 ला दुरुस्ती केली. तिच्याप्रमाणे फौजदार ते निरीक्षक यांचा एका ठाण्यातला सर्वसाधारण कार्यकाळ दोन वर्षं, आणि शिपाई-हवालदारांचा एका ठिकाणचा पाच वर्षं. शिवाय शिपायाची भरती जिल्ह्याची, तो बहुतेक याच मातीतला, बोली जाणणारा. म्हणजे कायद्यानेच सांगून ठेवलं आहे की साहेब येतील-जातील, टिकणारा माणूस बीटचा, म्हणजे ठाण्याच्या हद्दीतल्या ठरावीक गावांचा, हवालदार आहे. लोकसंपर्काचं काम त्याच्या हाती द्या, अधिकाऱ्याच्या हाती नको. भिवंडीत हेच केलं होतं.

प्रत्येक बंदराला आणि मोठ्या वाडीला एक समिती असावी, तिचा बोलावणारा बीट हवालदार असावा, आणि ती दर महिन्याला भरावी, काही घडलेलं नसलं तरीही. काही घडलेलं नसताना भरणं यालाच जास्त महत्त्व आहे. कुणाला घ्यायचं ते मात्र विचारपूर्वक ठरवा. पोलीस पाटील असावेतच, 1967 च्या ग्राम पोलीस कायद्याने त्यांना ते कामच दिलेलं आहे, आणि आज त्यांच्याकडून फक्त दाखले आणि पंचनाम्याच्या सह्या घेतल्या जातात. त्यांच्याखेरीज लिलावात बसणाऱ्या मासेविक्रेत्या बाया हव्यात. बंदरावर काय चाललं आहे हे त्यांच्याइतकं कुणालाही ठाऊक नसतं. मुसलमान मोहल्ल्यातला एखादा तांडेल (बोटीचा प्रमुख), बौद्धवाडीतलं कुणी, रिक्षावाला, आशाताई हव्यात. खलाशी हवेत. आणि आंब्याच्या बागांत राखण करणारे नेपाळी हवेत. आज या नेपाळ्यांची आणि परप्रांतीय खलाशांची पोलिसांशी भेट होते ती आधारकार्ड तपासताना. हंगामात ज्यांच्या हजारो हातांवर कोकणचा आंबा आणि मासळी उभी आहे, त्यांना मालकाने पैसे बुडवले तर ठाण्यात यायचं धाडस होत नाही. त्यांना बैठकीत एक खुर्ची मिळाली तर ते होईल.

राजकीय पदाधिकारी या समितीत नकोत. त्यांच्यासाठी शांतता समिती आहेच.

यात दोन धोके मला दिसतात. पहिला दलालीचा. ‘साहेबांकडे माझी ऊठबस आहे’ म्हणून पैसे घेणारा माणूस प्रत्येक समितीत शिरायला पाहतो. त्यावर उपाय म्हणजे सदस्य दर दोन वर्षांनी बदलावेत आणि बैठक ठाण्यात न भरता शाळेत, सहाणेवर किंवा जमातखान्यात भरावी, जिथे गावातलं कुणीही येऊन बसू शकेल.

दुसरा धोका जास्त गंभीर आहे, आणि तो मी तंटामुक्त समितीत जवळून पाहिला. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम 15 ऑगस्ट 2007 ला सुरू झाली, आर. आर. पाटील गृहमंत्री असताना. कल्पना उत्तम होती. बांधाचे, वाटेचे, गुरांचे किती तरी दावे तिने कोर्टात जाण्यापासून वाचवले. पण मोहिमेला बक्षीस होतं, आणि बक्षिसासाठी गावात तंटे कमी दिसायला हवे होते. मग नवऱ्याने मारलेली बाई समितीपुढे आली की चार वडीलधारी तिला सांगत, बाई, घरातलं घरात ठेव, गावाचं नाव जाईल. अशी एक बाई कपाळावर टाके घेऊन आमच्यासमोर बसली होती. मी तिच्या बाजूने बोललो, बहुमत दुसरीकडे होतं. ती पुन्हा आली नाही, आणि तिची तक्रारही कुठे झाली नाही. म्हणून नव्या समित्यांना पहिल्याच दिवशी लेखी सांगा की बाईवरचा हात, मुलावरचा अत्याचार, जातीवरून झालेला अपमान हे विषय इथे मिटवायचे नाहीत, ते सरळ ठाण्यात नोंदवायचे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या संहितेत कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवण्याची आणि इलेक्ट्रॉनिक मार्गाने माहिती देण्याचीही सोय आहे. ती सोय आमच्या वाडीवरच्या बाईला हवालदाराने समजावून सांगावी. आणि कुठल्याही समितीचं किंवा ठाण्याचं यश कमी झालेल्या तक्रारींवर मोजू नका. लोकांचा विश्वास बसला की पहिली काही वर्षं तक्रारी वाढतात. त्या वाढल्या म्हणून ठाणेदाराची कानउघाडणी झाली तर तो पुढच्या बाईला परत पाठवील.

बीट हवालदाराचंही थोडं ऐका. गणपतीत चाकरमान्यांचा लोंढा आला की तो पंधरा दिवस मुंबई-गोवा हायवेवर उभा. मंत्र्यांचा दौरा आला की हेलिपॅडवर. निवडणूक आली की दुसऱ्या जिल्ह्यात. मध्ये समन्स, कोर्ट, पासपोर्टची पडताळणी. असा माणूस वाडीवर जाणार कधी? महिन्यातले ठरावीक दिवस त्याला बीटवरून हलवायचं नाही, असा आपल्या सहीचा आदेश हवा. त्याच्या वार्षिक गोपनीय अहवालात या कामाचा रकाना हवा, आणि तो भरताना गावाचं मत विचारलं जावं. गुन्हा उघडकीला आणल्याचं बक्षीस मिळतं. गुन्हा होऊ न दिल्याचं मिळायला हवं.

वाडीवर गेल्यावर त्याला काय दिसेल? कुलूप लावलेली घरं, आणि उघड्या घरांत एकेकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या. पोरं मुंबईला, ठाण्याला, पुण्याला. या म्हाताऱ्यांच्या मोबाईलवर बँकेच्या नावाने, पोलिसांच्या नावाने फोन येतात आणि पेन्शनची पुंजी जाते. व्हिडिओ कॉलवर वर्दी दिसली की त्या घाबरतात, कारण खऱ्या वर्दीतला माणूस त्यांनी कधी आपल्या पडवीत बसलेला पाहिलेला नाही. महिन्यातून एकदा हवालदाराने त्या पडवीत बसून घोटभर चहा घेतला, तर फोनवरचा तोतया दुसऱ्या वाक्याला ओळखू येईल.

शेवटची मागणी वहीची. प्रत्येक बीटची एक जाड वही असावी. वाडीतली जुनी वैरं, पालखीचे मान आणि त्यावरचे वाद, वहिवाटीचे झगडे, एकट्या राहणाऱ्यांची घरं, विश्वासू माणसं, दिलेले शब्द, सगळं तिच्यात. हवालदाराची बदली झाली की त्याने नव्या हवालदाराला बरोबर घेऊन एक पूर्ण बैठक करावी, वही सर्वांसमोर हाती द्यावी, आणि समितीने दोघांच्या सह्या घ्याव्यात. ठाणेदाराच्या बाबतीतही तेच, अधीक्षकांच्या बाबतीतही तेच. आपण स्वतः जिल्हा सोडाल तेव्हा नव्या अधीक्षकांना आपल्या गाडीत बसवून किमान चार बंदरांवर न्या आणि तिथल्या समित्यांशी त्यांची ओळख करून द्या.

हे सगळं तीन जिल्ह्यांत एकदम सुरू करा असं मी म्हणत नाही. प्रत्येक जिल्ह्यात एका सागरी पोलीस ठाण्याच्या हद्दीत यंदाच्या मासेमारी बंदीत सुरुवात करा. 1 ऑगस्टला बोटी निघण्याआधी निदान दोन बैठका होऊन जातील. आमच्या गावाची तयारी आहे. सोसायटीचं सभागृह संध्याकाळी पाचनंतर मोकळं असतं, सतरंज्या आणि खुर्च्या आहेत, मासेविक्रेत्या बायांशी आणि मोहल्ल्यातल्या तांडेलांशी बोलून ठेवलं आहे, दोघांचाही होकार आहे. आपल्याकडून फक्त बीट हवालदाराचं नाव आणि पहिल्या बैठकीची तारीख लेखी यावी. शुक्रवार आणि आठवडा बाजाराचा दिवस सोडून कुठलीही चालेल.

आपला,
रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बंदरगावचा रहिवासी